परतवाडा ते अफरवट: उड्या मारणाऱ्यांनी टूरिंग स्की कशी निवडावी

आंबिया बहाराच्या संत्र्याचा माल निघून गेला होता आणि मृगाच्या संत्र्याची तोड सुरू व्हायला अजून तीन आठवडे होते. आमच्या परतवाड्याच्या बाजूला बागाईतदाराच्या घरातलं माणूस लांब जाऊ शकतं ते याच दिवसांत. मी आणि माझा मामेभाऊ (माझा दादा) फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अफरवट डोंगराखालच्या गुलमर्गला निघालो. स्की करण्याची माझी ही चौथी खेप. पण या वेळी कारण वेगळं होतं: स्वतःच्या पायांनी चढून जाता येईल अशी टूरिंग स्कीची जोडी निवडून घरी आणायची होती.

मला उड्या आवडतात. बर्फाच्या उंचवट्यावरून हवेत अर्धी गिरकी घ्यायची, पाठमोरं उतरायचं आणि तसंच खाली जायचं, यासाठी मी स्की शिकले. टूरिंगच्या स्कीबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं ते बहुतेक चढणाऱ्यांनी चढणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. हलकं घ्या, अजून हलकं घ्या. उलट उड्यांवाल्यांना वजनाशी घेणंदेणं नसतं, कारण वर न्यायला लिफ्ट असते. मधल्या माणसानं काय घ्यावं हे मला सहा दिवस पायांनी शिकावं लागलं. माझ्यामागून जाणाऱ्यांसाठी ते लिहून ठेवते.

तयारीचं थोडक्यात सांगते. डिसेंबरपासून दर रविवारी आम्ही दोघं चिखलदऱ्याच्या घाटात पाठीवर वजन घेऊन चढत होतो. शेवटचे चार रविवार मी टूरिंगचे बूटच घालून चढले, म्हणजे पायाला कुठे घासतं ते घरीच कळलं. बूट आधी, स्की नंतर, हे कायम लक्षात ठेवा. बूट माझे होते, मागच्या वर्षी घेतलेले: चालताना घोटा मोकळा करणारा खटका असलेले, पुढे-मागे पिनची भोकं असलेले, एक बूट साधारण दीड किलोचा. यापेक्षा बरेच हलके बूट मिळतात, पण उडी उतरताना वजन थोडं मागे गेलं तर मऊ बूट नडगीला आधार देत नाही.

नागपूरहून कटरा, कटऱ्याहून वंदे भारतनं श्रीनगर, साधारण तीन तास. चिनाबचा पूल नदीपासून 359 मीटर उंचीवर आहे, खिडकीजवळ बसा. श्रीनगरहून टंगमर्ग, आणि तिथून चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनं शेवटचे 13 किलोमीटर. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. आमच्या घरी दोन दिवस काळजी झाली ती यामुळे.

आता मुद्द्याचं. बाबांचा हुकाला लटकवायचा छोटा डिजिटल काटा मी सोबत नेला होता, बागेत पोत्याचं वजन बघायला असतो तो. स्कीवर छापलेलं वजन नुसत्या स्कीचं असतं; बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) आणि स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी) लावून पायाला प्रत्यक्षात किती लागतं ते वेगळंच. दुकानात प्रत्येक जोडीतली एक स्की मी काट्याला लटकवली.

पहिली जोडी मला बघताच आवडली होती. दोन्ही टोकं वर वळलेली ट्विन टिप, पायाखाली रुंदी 98 मिलिमीटर, वर फ्रेम बाइंडिंग, तेही उड्यांच्या पार्कमध्ये असतं तसं स्कीच्या अगदी मध्यावर बसवलेलं. काटा म्हणाला 3 किलो 420 ग्रॅम, आणि ही एका पायाची गोष्ट. फ्रेम बाइंडिंगमध्ये टाच उचलली की बाइंडिंगची अख्खी चौकट टाचेसोबत वर येते. गोंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यानं कोंगडोरीला, म्हणजे साधारण 3,080 मीटरवर उतरलो आणि तिथून स्किन लावून चढायला लागलो. पहिला अर्धा तास काही वाटलं नाही.

मग किक टर्न सुरू झाले. तीव्र उतारावर सरळ चढता येत नाही, नागमोडी जावं लागतं, आणि प्रत्येक वळणावर एक स्की उचलून उलट्या दिशेला ठेवायची, तिच्यावर वजन द्यायचं आणि मग मागची स्की गुडघ्यातून झटका देऊन वळवून आणायची. या दुसऱ्या स्कीतच सगळी गंमत आहे. पिन बाइंडिंगला, म्हणजे चढताना बूट फक्त पुढच्या दोन पिनांवर धरून टाच मोकळी सोडतं त्याला, टाच झटकली की शेपूट खाली जातं आणि टोक आपोआप वर येतं. माझी स्की मध्यावर बसवलेली, म्हणजे टाचेमागे जास्त शेपूट. ते वळलेलं शेपूट मागच्या बर्फात रुतायचं आणि मी एका पायावर लटकलेली. त्यात स्किनची मागची पट्टी ट्विन टिपच्या गोल शेपटावरून घसरून निघायची. दर तिसऱ्या-चौथ्या वळणाला खाली वाकून ती पुन्हा अडकवायची. दुकानातून मिळालेल्या त्या स्किनचा गोंदही जुना झाला होता, बर्फाचे कण बसले की तो धरेनासा झाला. शेवटी दादानं माझ्या स्किनभोवती पट्ट्याचे दोन वेढे घातले.

"हे तं लय जड हाये वं," तो म्हणाला, "वर पोचशीन तवा उड्या माराले पाय उरतीन का तुये?"

नाही उरले. चारशे मीटर चढायला जवळजवळ तीन तास गेले. खाली येताना स्की उत्तम होती, पण मांड्या थरथरत होत्या आणि मी एकही उडी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी उलट टोक गाठलं. पायाखाली 88 मिलिमीटर, नुसती स्की 1,250 ग्रॅमची, पिन बाइंडिंग आणि स्किन धरून काट्यावर 1 किलो 810. कालच्या जवळजवळ निम्मं. चढताना अक्षरशः गाणं सुचत होतं. तेच चारशे मीटर पावणेदोन तासांत. वर बसून मी चहा प्यायले आणि ठरवलं, हीच.

उतरताना शंभर मीटरसुद्धा गेले नसेन. वाऱ्यानं बर्फावर पापुद्रा धरला होता, वर कडक आणि खाली भुसभुशीत. जड स्की तो फोडत जाते. ही त्यावर आपटून बाजूला फेकली जात होती. पुढे मऊ बर्फात माझ्या कमरेएवढा उंचवटा दिसला, अर्धी गिरकी घेतली, पाठमोरी उतरले, आणि डाव्या पायाची स्की सुटून गेली. लागलं नाही. पण असं का झालं ते संध्याकाळी गाईडचाचांनी बाइंडिंग हातात घेऊन दाखवलं. उताराच्या नेहमीच्या बाइंडिंगमध्ये बूट बाजूला सरकतो आणि स्प्रिंग त्याला परत मध्ये ओढून आणते. साध्या पिनमध्ये ही सरकण्याची जागा फार थोडी. उडी उतरतानाचा धक्का वाकडा आला की पिन बूट सोडून देते.

यावर काही जण एक उपाय सांगतात तो करू नका: पुढचा खटका चढताना लॉक करतात तसाच लॉक ठेवून उडी मारणे. मग स्की सुटतच नाही, आणि पडल्यावर सुटली पाहिजे तेव्हाही सुटत नाही. गुडघा जातो. सुटण्याचा आकडाही मनानं वाढवू नका. दुकानदाराला वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी खरी सांगा आणि त्याला लावू द्या.

तिसऱ्या दिवशी दिवसभर बर्फ पडला. आम्ही बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या नळीच्या शेगडीजवळ, बसून खारा नून चहा पीत होतो. दादानं ओल्या स्किन वाळाव्यात म्हणून बुखारीच्या नळीला अगदी खेटून टांगल्या. चाचा धावत आले आणि त्यांनी आधी स्किन उतरवल्या, मग समजावलं. गोंद तापला की पातळ होतो आणि पुढच्या खेपेला स्कीच्या तळाला चिकटून राहतो. वाळवायच्या त्या खोलीतल्या हवेवर. डोंगरात असताना दोन चढांच्या मधे त्या जॅकेटच्या आत, पोटाशी ठेवायच्या. गार पडलेला गोंद चिकटत नाही. नायलॉनच्या स्किन जास्त पकडतात, मोहेरच्या, म्हणजे बकरीच्या केसांच्या, जास्त सरकतात. नवशिक्यानं मिश्र घ्याव्यात. आणि कापताना दोन्ही बाजूंनी स्कीची धार उघडी राहील एवढीच जागा सोडावी.

चौथ्या दिवशी जी जोडी घेतली तीच आता घरी आहे. पायाखाली 102 मिलिमीटर, लांबी 172 सेंटिमीटर, माझी उंची 165. नुसती स्की 1,650 ग्रॅम. पुढचं टोक चांगलं वर उचललेलं, मागचं थोडंसं, आणि पायाखाली कॅम्बर, म्हणजे मधे किंचित वर उचललेली कमान. हे कॅम्बर बघून घ्या. पूर्ण वाकडी, केळीसारखी स्की मऊ बर्फात तरंगते, पण चढताना स्किनचा थोडाच भाग बर्फाला लागतो आणि मागे घसरायला होतं. शेपूट पाठमोरं जाण्याइतकं वळलेलं हवं, पण त्यात स्किनची पट्टी अडकायला खाच हवी किंवा टोक किंचित सपाट हवं. दुकानातच स्किन लावून शेपटाला हातानं ओढून पाहा, निघते का.

बाइंडिंग बसवायची जागा मी खऱ्या मध्यापासून 5 सेंटिमीटर मागे घेतली. चढणारे 8-10 मागे बसवतात, पार्कवाले शून्य ते 3. पाचावर गिरकीचा तोल राहतो, किक टर्नला शेपूट अडकत नाही आणि खोल बर्फात टोक बुडत नाही. माझ्यासाठी या सगळ्या निवडीत सगळ्यात मोलाचा आकडा हाच ठरला, स्कीच्या वजनापेक्षाही. भोकं एकदा पाडली की जागा बदलणं सोपं नाही, म्हणून आधी भाड्याच्या स्कीवर वेगवेगळ्या जागा अनुभवून घ्या.

आणि बाइंडिंग दुहेरी प्रकारचं: चढताना बूट पिनवर, उतरताना नेहमीच्या बाइंडिंगसारखं पुढून-मागून पकडलेला. सॅलोमनचं शिफ्ट 2018 मध्ये आलं ते या जातीचं. मार्करचं ड्यूक पीटी 2020 चं. पिनपेक्षा हे एका पायाला अर्धा किलोभर जड पडतं. माझी अख्खी स्की स्किनसकट 2 किलो 760. चारशे मीटरला दोन तास दहा मिनिटं लागली, आणि वर पोचल्यावर पायांत जीव होता. त्या दिवशी बाबा रेशीच्या दर्ग्याच्या बाजूच्या देवदारांतून उतरताना मी सात उड्या घेतल्या. पाचवी पाठमोरी उतरले तेव्हा खाली थांबलेला दादा जोरात ओरडला, ते झाडीत घुमलं.

तुम्हाला उड्या नुसत्या बघायला आवडत असतील तर पिनच घ्या, उगाच अर्धा किलो ओढू नका. वर्षातून दोनच दिवस चढणार असाल तर भाड्यानं घ्या. पण दर उतारावर तुमची नजर आपोआप उंचवटा शोधत असेल, तर वजन स्कीत वाचवा, बाइंडिंगमध्ये नाही. स्कीतही 1,500 ग्रॅमच्या खाली मी जाणार नाही. फार हलकी कार्बनची स्की उडी उतरल्यावर पायाखाली तडतडते.

हिमस्खलनाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या हापतखुडमध्ये दोन पोलिश स्कीयर स्खलनात दगावले. गोंडोल्याचा दुसरा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर सोडतो आणि तिथून डावी-उजवीकडचा बहुतेक उतार सांभाळलेला नाही. स्खलन बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं, आणि आपल्याला उड्यांसाठी नेमका तोच आवडतो. ताज्या बर्फानंतर वर चढू नका म्हटलं तर चाचांचं ऐका. तिसऱ्या दिवसाच्या बर्फानंतर आम्ही झाडीतच राहिलो ते त्यामुळे. बीकन (गाडलेल्याला शोधायला लागणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, एकाकडे असून भागत नाही. गाडलेल्या माणसासाठी पहिली 10-15 मिनिटं सगळ्यात मोठी आणि तेवढ्यात सोबतीचाच माणूस पोचतो. मोबाइल बीकनपासून लांब ठेवा, शोधताना निदान 50 सेंटिमीटर. आम्ही घरच्या बागेत दादाचं बीकन संत्र्याच्या झाडाखाली पाचोळ्यात पुरून आठ दिवस शोधण्याचा सराव केला होता.

परत आल्यावर बाबांनी नव्या आणि माझ्या जुन्या पार्कच्या स्की शेडमधल्या मोठ्या काट्यावर शेजारी ठेवल्या. "अर्ध्या किलोचा फरक हाये. तेवढ्यासाठी एवढ्या दूर गेली होती तू?" मी त्यांना एक बूट घालायला दिला, स्की लावली आणि अंगणातून गोठ्यापर्यंत दहा पावलं चालायला सांगितलं. मग दुसरी लावली. ते काही बोलले नाहीत. काट्याकडे पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, "पायाले लागते खरं."

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचं, कारण हे कुठेही लिहिलेलं मला सापडलं नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडमध्ये त्याहून बरंच जास्त. तिथे स्किन ठेवल्या तर गोंदाची लापशी होईल. मी जाळीचा कागद मध्ये घालून त्या गुंडाळल्या, डब्यात भरल्या आणि मातीच्या भिंतींच्या जुन्या कोठीत, ज्वारीच्या कणगीमागे ठेवल्या. घरातली सगळ्यात गार जागा तीच. स्कीच्या तळाला जाड मेण लावून ते तसंच राहू दिलं आहे, आणि पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून धारांवर शिलाई मशीनचं तेल. मृगाची तोड संपली की आई कोठी सारवायला काढणार आहे; तेवढ्या दोन दिवसांपुरता डबा माझ्या खाटेखाली येईल.