चंद्र डोक्यावर येईपर्यंत

कोल्हापूर, कार्तिक पौर्णिमेचा दुसरा दिवस. रात्र.

मांड्या भरून आल्यात, तळहातांवर हँडलचे वळ आहेत. तरी झोपायच्या आधी लिहिते. उद्या शाळा सुरू झाली की यातलं निम्मं निसटून जाईल.

गेल्या वर्षी पौर्णिमेच्याच रात्री आम्ही घरचे सगळे गाडीने खिद्रापूरला गेलो होतो, कोपेश्वराच्या देवळातल्या, छत मधोमध गोल उघडं असलेल्या स्वर्गमंडपातून चंद्र बघायला. गावाच्या अलीकडेच वाहनांची रांग लागली. चालत मंदिरात पोचेपर्यंत दीड वाजला आणि चंद्र छताच्या गोलातून केव्हाच पश्चिमेला कलला होता. परत येताना गाडीत कुणीच बोललं नाही. तिथेच मी ठरवलं, पुढच्या खेपेला सायकल.

भाचा लगेच तयार झाला. काल पहाटे दोघं पंचगंगा घाटावर दीपोत्सव बघायला गेलो. पायऱ्यांवर पणत्यांच्या ओळी, खाली पाण्यात त्यांच्या दुप्पट ओळी, आणि समोर धुकं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "आत्ती, हेच पाणी वाडीला जातंय न्हवं? मग ते आधी पोचणार का आपण?" मी म्हटलं, मध्ये बंधारे आहेत, आपणच आधी. पण प्रश्न डोक्यात राहिला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एक होऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा होते, आपल्या घाटावरून पुढे जाते आणि नृसिंहवाडीला, म्हणजे आमच्या वाडीला, कृष्णेला मिळते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. त्या निळ्या रेघेच्या सोबतीने स्वतःच्या पायांवर जायची ही पहिलीच वेळ होती.

अकराला निघालो. एकूण ६५ किलोमीटरच्या आसपास. शिरोलीपर्यंतचा रस्ता ट्रकांचा आणि धुराचा, तो मान खाली घालून काढला. हेर्ले, चोकाक, अतिग्रे. हातकणंगल्याला झाडाखाली भाकरी आणि झुणका खाल्ला. उसाला तुरे आलेत, हंगाम सुरू झालाय. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मागून आला की आवाजावरूनच कळतं, आणि तो आला की उतरून कडेला उभं राहायचं हा नियम मी भाच्याला निघतानाच सांगितला होता. लोंबणाऱ्या उसाचा एक फटका पुरतो. संध्याकाळनंतर तर मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीइतकी भीती मला कशाचीच वाटत नाही. कारखान्यांच्या दिवसांत इथे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने अंगावर चमकणारी पट्टी आणि मागे दिवा लावावाच, हे मी अगदी हात जोडून सांगेन.

तमदलगे खिंडीच्या चढाला सर्वात हलक्या गिअरवर आले, तरी शेवटचं वळण चालतच काढलं. त्यानंतर जयसिंगपूरपर्यंत पाय जवळजवळ मोकळेच. शाहू महाराजांनी वडलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने वसवलेलं हे गाव. इथले लोक पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात, ते ऐकायला मला फार आवडतं.

शिरोळ ओलांडलं आणि माझं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. दुकानदाराने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे बोट दाबून धरलं आणि विचारलं, "कुठनं आलायसा ताई?"

"कोल्हापूरनं."

"सायकलीवरनं? आन् निघालाय कुठं?"

"खिद्रापूरला. चंद्र बघायला."

त्याने कानस घासता घासता एकदा माझ्याकडे, एकदा आभाळाकडे पाहिलं. "मग थांबवत न्हाई तुमास्नी," म्हणाला आणि हात चालवले.

पाचच्या सुमारास वाडीला संगमावर पोचलो. पादुकांचं दर्शन घेतलं, कंदी पेढे घेतले आणि दहा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघत बसलो. कुरुंदवाडच्या पुलावरून पंचगंगा दिसली. काठाला जलपर्णीचं केंदाळ अडकलेलं, पाण्याला वास. पहाटे हीच नदी दिव्यांनी भरलेली बघून निघाले होते. पूल संपेपर्यंत पायडल मारवलं नाही. भाचाही गप्प होता. एका दिवसात एकाच नदीची दोन टोकं बघितली की दीपोत्सवाचे फोटो पाठवून भागत नाही. आपण शहरवाले वरच्या अंगाला राहतो, आपलं सांडपाणी या माणसांच्या दारात येतं.

कुरुंदवाड सोडलं आणि रस्ता पूर्वेकडे वळला. पाठीमागे सूर्य बुडाला, आणि समोर, उसाच्या शेंड्यांवर, चंद्र वर आला. काहिलीत आटत आलेल्या रसाच्या रंगाचा. जवळच कुठेतरी गुऱ्हाळ चालू होतं, वासही तोच. तिथून पुढे सैनिक टाकळी, मग खिद्रापूर, सगळ्या वाटेवर तो आमच्या समोर होता. आधी तांबूस, मग पिवळा, मग पांढरा. शेवटी रस्त्यावर आमच्या सावल्या पडायला लागल्या. चाकाचे आरेसुद्धा सावलीत मोजता येत होते. गेल्या वर्षी गाडीच्या टपाखाली हे सगळं राहून गेलं होतं.

भाच्याने विचारलं, हाच महिना का? मी भूगोलाची बाई, सायकल चालवतच सांगितलं. आपण साडेसोळा-सतरा अक्षांशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा शाळेच्या मैदानात काठी रोवून शून्य सावली दाखवते, तू बघितलीयेस. कार्तिकात सूर्य साधारण तेवढाच दक्षिणेला गेलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर, म्हणून तो तेवढाच उत्तरेला, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली, म्हणून दरवर्षी थोडा इकडेतिकडे. बाराव्या शतकात शिलाहारांच्या राज्यात ज्यांनी हा मंडप उभारला, त्यांच्या मनात नेमकं हेच होतं का, हे दगड सांगत नाहीत. होमाचा धूर जावा म्हणून छत उघडं ठेवलं असंही म्हणतात. मला दोन्ही एकत्र खरी वाटतात.

पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. गाड्यांची रांग गावाबाहेर होतीच. आम्ही तिच्या कडेने सायकली हातात धरून आत गेलो. चंद्र चढेपर्यंत मंदिराभोवती फिरलो. पायाशी हत्तींची ओळ, ९२ हत्ती, कित्येकांच्या सोंडा तुटलेल्या. दक्षिणेच्या दाराशी देवगिरीच्या सिंघण यादवाचा शिलालेख. शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात, यडूरला.

बारा वाजता ४८ खांबांचा स्वर्गमंडप माणसांनी भरला. हाताहातांत मोबाईल, त्यांचे दिवे, आणि चंद्र त्यात विरघळलेला. मला राहवलं नाही. "दिवे बंद करा, पाच मिनिटं फक्त," मी मोठ्याने म्हटलं. वर्गात म्हणते तसंच. एका आजीबाईंनी लगेच साथ दिली, "व्हय की, बंद करा रं!" एकेक दिवा विझला.

तेरा फुटांच्या त्या गोलातून उजेड खाली आला आणि जमिनीवरच्या गोल शिळेवर टेकला. नेमका मध्यावर नाही, दक्षिणेला हातभर सरकलेला. आजीबाई चपला काढून पुढे आल्या, वाकल्या आणि उजेडात हात धरला. हाताची सावली शिळेवर उमटली. कुणी बोललं नाही. भाच्याने माझी बाही घट्ट धरली होती, लहानपणी धरायचा तशी.

रात्री ओळखीच्यांच्या पडवीत पडलो, आणि सकाळी सहाला परत निघालो. शिरोळजवळ तो पंक्चरवाला दुकान उघडत होता. आम्हाला बघून हातातली फळी खाली ठेवली.

"दिसला का?"

"दिसला."

"मग फुडल्या साली आमच्या पोरालाबी न्या की संगती. सायकल मी बघतो."