सड्यावरची तोंडी परीक्षा

संघ लोकसेवा आयोगाच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेत मुलाखत २०० गुणांची. ती देणाऱ्या एका मुलीची तयारी मी खोलीत न घेता रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर घेतली, श्लुंबर्जे साउंडिंग लावून: जमिनीत करंट सोडून खालच्या थरांचा विद्युतरोध मोजायची ही पद्धत.

पहिली अडचण जांभ्याची. मे महिन्यात कातळ एवढा कोरडा, की करंट ५ मिलिअँपिअरच्या वर जाईना. भेगांत माती भरून इलेक्ट्रोड ठोकले, मिठाचं पाणी ओतून मुरू दिलं, तेव्हा ५० मिळाला.

करंट सोडणारे बाहेरचे दोन इलेक्ट्रोड म्हणजे एबी, व्होल्टेज मोजणारे आतले दोन म्हणजे एमएन. एबीचं अर्धं अंतर ४० मीटर, एमएन ८ मीटर. व्होल्टेज फक्त १.६ मिलिव्होल्ट. व्होल्टेजला करंटने भागून इलेक्ट्रोडच्या अंतरांवरून निघणाऱ्या गुणकाने गुणलं की रेझिस्टिव्हिटी, म्हणजे थराचा रोध मिळतो. गुणक ६२२, म्हणजे रेझिस्टिव्हिटी २० ओहम-मीटर; वरचा सुका जांभा तर हजाराच्या पुढे होता. इतक्या बारीक व्होल्टेजवर भरवसा कसा ठेवायचा? तिने करंटची दिशा उलटवून सरासरी काढली. मग एबी तेवढंच ठेवून एमएन २० मीटर केलं. गुणक २३६, व्होल्टेज ४.२. पुन्हा २०च. आकडा पक्का झाला. (४० मीटर हे तारांचं अंतर, खोली नव्हे. मुलाखतीत इथे भलेभले घसरतात.)

"सर, खाली खारं पाणी असणार," ती म्हणाली.

समुद्र जवळ, आणि खाऱ्या पाण्यातून करंट सहज वाहतो, म्हणून हे उत्तर जिभेवर येतंच. पण सडा समुद्रापासून शंभरेक मीटर उंच होता. आम्ही उताराखालच्या विहिरीवर गेलो. जांभ्याच्या तळाशी ओली रेघ, तिथून पाणी पाझरत होतं. रेघेखाली पांढरट, बोटाला साबणासारखी लागणारी शेडी, म्हणजे जांभ्याखालची चिकणमाती. पाण्याची वाहकता मोजली: २५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. दहा हजाराला २५० ने भागलं की पाण्याची रेझिस्टिव्हिटी मिळते, ४० ओहम-मीटर.

ती वहीकडे बघत राहिली. पाणी ४० आणि ते पाणी धरणारा थर २०? स्वच्छ वाळू-दगडात असं होत नाही. तिथे थर नेहमी पाण्यापेक्षा जास्त रोध दाखवतो. म्हणजे करंट चिकणमातीच्या कणांवरूनही वाहत होता. हा युक्तिवाद तिने स्वतः मांडला, आणि माझ्या मते कुठल्याही पाठ व्याख्येपेक्षा तो मोलाचा आहे.

"मग इथे बोअर मारशील?"

"शेडीत नाही, सर. ती पाणी धरते पण सोडत नाही, आणि केसिंग नसेल तर ढासळते. विहीर खणायची ती खाली, त्या ओल्या रेघेवर."