तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यूबलेस असूनही मे महिन्यात पंक्चर का होतं?

एप्रिल संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. सायकलचे टायर ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारे, करून घेतलेत, आत सीलंट म्हणजे भोक बुजवणारा द्रव आहे, हिवाळाभर काही झालं नाही. मग पुण्याजवळच्या सासवड-दिवे घाटाकडच्या माळांवर मे महिन्यातच दर रविवारी हवा का जाते?

कारणं दोन, आणि ती एकाच वेळी येतात. पहिलं म्हणजे काटे वाढतात. पावसाळ्याआधी शेताची कुंपणं नव्यानं घालायची म्हणून बाभळी छाटतात आणि फांद्या बांधावरून ओढत नेतात. पाऊलवाटेवर पांढरे, सरळ, जोडीजोडीनं असलेले काटे सांडतात. त्यात सराट्याची वाळलेली फळं. ती कशीही पडली तरी एक टोक वर असतंच.

दुसरं कारण टायरच्या आत आहे. सीलंट म्हणजे बहुधा पाण्यात मिसळलेला रबराचा चीक. भोक पडलं की हवा चिकाला बाहेर ढकलते आणि तो तिथे गोठून बूच बसतं. पण या उन्हात त्यातलं पाणी उडून जातं. जानेवारीत भरलेलं सीलंट मेमध्ये आतून पातळ पापुद्रा आणि दोन-चार रबरी गोळे होऊन बसलेलं असतं. तपासायला चाक काढून कानाशी हलवा. डुबुक आवाज आला नाही तर सीलंट संपलं.

भरायचं असं. हवा सोडा, पण टायरची कड रिमवरून सुटू देऊ नका. व्हॉल्व घड्याळातल्या चारच्या जागी आणा, त्याची कोर (आतली हवा अडवणारी बारीक झडप) काढा आणि सिरिंजनं सीलंट सोडा. २९ इंची, २.२५ ते २.४ रुंदीच्या टायरला नव्यानं १०० ते १२० मिली लागतं, वरभरणीला ६० मिली पुरतं. बाटली आधी खळखळून हलवा, नाहीतर भोक बुजवणारे कण तळाशीच राहतात. उन्हाळ्यात दर चार ते सहा आठवड्यांनी हे करावंच लागतं, त्याला पर्याय नाही.

हवा पहाटे भरता आणि सायकल उन्हात उभी करता, हेही लक्षात असू द्या. पहाटेचे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) तापलेल्या टायरमध्ये २८-२९ होतात. वाळलेल्या मुरमावर एवढा कडक टायर पकड सोडतो, आणि उतारावरच्या वळणात पुढचं चाक सरकून पडणं असंही होतं. सत्तरेक किलोच्या माणसाला पुढे २२, मागे २५ ठीक. निघण्याआधी दाब मोजायचं गेज लावून पाहा. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

काटा रुतलेला दिसला की उपटायचा का? सीलंट ओलं असेल तर उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. सीलंटची खात्री नसेल तर हात लावू नका. तो काटाच बूच आहे, घरापर्यंत साथ देईल.

खरी फसगत पुढे असते. टायर काही केल्या हवा धरत नाही म्हणून ट्यूब घालतात, आणि तिची हवा दहा मिनिटांत जाते. ट्यूबलेसमध्ये तोवर निमूट बसलेले आठ-दहा काटे त्या ट्यूबची वाटच पाहत असतात. म्हणून ट्यूब घालण्याआधी आतून रुमाल फिरवा, उघडं बोट नको. जिथे धागा अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते आतून बाहेर दाबा आणि चिमट्यानं ओढा. पूर्ण फेरी झाल्यावर उलट्या दिशेनं आणखी एक फेरी घ्या, कारण तिरका रुतलेला काटा एकाच बाजूनं अडकतो. ट्यूब घालायची तर ट्यूबलेसचा व्हॉल्व काढावा लागतो आणि त्याची चकती बऱ्याचदा हातानं सुटत नाही, म्हणून छोटी पक्कड सोबत हवीच.

दगडाच्या कपरीनं टायरची बाजू फाटली असेल तर सीलंट हरतं. तिथे भोकात ठासायचा रबरी प्लग, आणि चीर प्लगनं भरत नसेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून वर ट्यूब.

वळीव पडून गेल्यावर मात्र काळ्या रानात सायकल घालू नका. माती टायर आणि फ्रेममध्ये थापली जाते, चाक अडतं आणि जोर लावला की मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, मोडतो. तो बऱ्याच फ्रेमना वेगवेगळा असतो, ऐनवेळी दुकानात मिळेलच असं नाही.

फाटलेल्या ट्यूबा टाकू नका, बागेत वेल बांधायला कामी येतात. जूनमध्ये दोडका-कारल्याचे वेल मांडवावर चढवताना सुतळी कोवळ्या देठाला काचते, रबर ताणलं जातं. ट्यूब आतून-बाहेरून साबणानं धुवा, आडवी कापून एकेक सेंटिमीटरच्या कड्या करा, एक जागा कापून पट्टी मोकळी करा. काठीला घट्ट गाठ, देठाला सैल फास, मध्ये करंगळी जाईल एवढी जागा. उन्हात रबर तडकतं, म्हणून पट्ट्या दरवर्षी बदला. आणि सायकलची साखळी धुतलेलं तेलकट पाणी कुंड्यांत कधीही ओतू नका.