ऊद डायरी: घशातलं हाड सापडलं आणि गणित फिसकटलं

मंडळी, ऊद म्हणजे आपलं पाणमांजर नेमका कुठला मासा खातो, हे त्याच्या विष्ठेतल्या खवल्यांवरून ओळखायचं, हे दोन महिने छळणारं कोडं काल सुटलं. म्हणजे रात्री अकरापर्यंत तरी सुटलं होतं.

घोडं अडलं होतं ते असं. टेंभुर्णीकडच्या तळ्यावरच्या स्प्रेंटमध्ये, म्हणजे उदाच्या विष्ठेत, खवल्यांचा नुसता खच, पण रोहू, मृगळ, चिलापी (तिलापिया), सगळ्यांचे खवले गुळगुळीत कडेचे. उदाच्या पोटातून झिजून आल्यावर तर ओळखच पुसते. मांगूर आणि शिंगाडा या माशांना मुळात खवलेच नाहीत, त्यामुळे खवले मोजत बसलं की ते हिशोबातूनच गायब. आणि तळ्याचे मालक काका दर रविवारी विचारणार, "आमचा रोहूच खातंय न्हवं ते?"

म्हणून बाजारातून एक रोहू, एक चिलापी आणली आणि डोकी उकळली. (बायकोनं ते पातेलं कायमचं मलाच देऊन टाकलं.) रोहूच्या जबड्यात दात नसतात, ते घशात: डावं-उजवं मिळून कोयत्यासारखी वाकडी दोन हाडं, प्रत्येकावर दातांच्या तीन रांगा. चिलापीच्या घशात खाली एकच त्रिकोणी पाटी. नखाएवढी, बोट फिरवलं तर काचकागदासारखी खरखरीत. १० पटीच्या भिंगाखाली एकदा बघितली की चुकायचा प्रश्नच नाही.

स्प्रेंटचे जुने १९ नमुने पुन्हा चाळले. ऑनलाइन मागवलेली 'लॅब' चाळणी भंगारात द्यायच्या लायकीची. मंगळवार पेठेतली मैद्याची चाळणी झकास. भिजवायला मात्र कवळी धुवायच्या गोळ्यांना तोड नाही. १२ नमुन्यांत त्रिकोणी पाटी, दोनांतच कोयते! म्हणजे ऊद काकांचा रोहू सोडून फुकट माजलेली चिलापी खातोय. फोन लावायला हात शिवशिवत होते.

तेवढ्यात मागच्या महिन्यातला बांधावरचा फोटो आठवला. दोन किलोचा रोहू, मधला भाग फस्त, डोकं शाबूत. आणि घशाचं हाड कुठं असतं? डोक्यात! छोटी चिलापी अख्खी पोटात जाते, तिची पाटी स्प्रेंटमध्ये येते. मोठ्या रोहूचा पुरावा बांधावरच राहतो. शिवाय आपले हे ऊद कुटुंबानं शिकार करतात आणि एकाच जागी घाण करतात, म्हणजे १९ नमुने ही १९ जेवणं असतीलच असं नाही.

तेव्हा आता मणके, ते धडात असतात, डोक्याबरोबर बांधावर राहत नाहीत. प्रत्येक माशाचे उकळून, वाळवून शेंगा चटणीच्या रिकाम्या बरण्यांत भरतोय. लिहिता लिहिता आणखी एक सुचलं: पाटीची रुंदी मोजली तर चिलापी केवढी होती याचाही अंदाज येईल. म्हणजे आणखी चिलाप्या, आणखी पातेली.

काकांना तूर्त एवढंच सांगितलं: सापळ्याचं नाव काढू नका, १९७२ च्या कायद्यानं संरक्षित जनावर आहे, आणि बांधावर सापडलेली डोकी फेकू नका, मीठ लावून बादलीत ठेवा.

"किती पाव्हणे येणारेत?" काका म्हणाले.