मास्क खाली घ्यायला मला तिसरी भेट लागली

कोल्हापुरात महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात पंचवीस वर्षं काउंटरवर बसलेले एक काका गेल्या पावसाळ्यात माझ्या दातांच्या दवाखान्यात आले. तोंडावर मास्क होता. सर्दी असेल असं मी धरून चालले. खुर्चीत टेकल्यावर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक मागं सरकतंय. मालकानं आत घड्या घालायला बसवलंय."

कोरोनात लावलेला मास्क त्यांनी बाहेर कधी काढलाच नव्हता. चार वर्षं तोंडाला वास येत होता, त्यात दोन वर्षं पोटाचे उपचार झाले होते. चूर्णं, काढे, एंडोस्कोपीसुद्धा. कांदा-लसूण चटणी बंद, तांबडा रस्सा बंद. तोंडाला वास म्हणजे पोट बिघडलंय, हे आपल्याकडे इतकं डोक्यात बसलंय की माणूस दाताच्या डॉक्टरकडे सगळ्यात शेवटी येतो. खरं तर बहुतेकांचा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावरचा थर, हिरडी आणि दात यांच्यामधली फट, अशा हवा न पोचणाऱ्या जागी जिवाणू अन्नातली आणि लाळेतली प्रथिनं कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू सुटतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. लसणाचा वास रक्तातून फुप्फुसात उतरतो हे खरं, पण तो एक-दोन दिवसांत जातो. चार वर्षं टिकत नाही.

पहिल्या भेटीत मी दात साफ केले, जीभ पार मागपर्यंत घासायला सांगितलं, ब्लडप्रेशरच्या गोळीनं तोंड कोरडं पडत असेल म्हणून पाणी वाढवायला सांगितलं. दुसऱ्या भेटीत ते म्हणाले, "फरक न्हाई." मी तेच परत सांगितलं, जरा जोर देऊन. आता आठवलं की लाज वाटते. कारण तोवर मी त्यांचा श्वास एकदाही हुंगला नव्हता. त्यांच्या तोंडावर मास्क, तो उतरला की माझ्या तोंडावर मास्क.

वास तपासायचा तो नाकानंच. पेशंटनं दोन मिनिटं तोंड मिटून बसायचं, मग तोंडातून सावकाश श्वास सोडायचा. नंतर तोंड बंद ठेवून नाकातून. नुसता नाकातून आला तर सायनसकडे बघायचं. कॉलेजात हे शिकवतात, पण समोरच्याला काय वाटेल म्हणून आम्ही टाळतो. तिसऱ्या भेटीला मी मास्क खाली घेतला. नाकातून काही नाही. तोंडातून मात्र आला.

उजवीकडे खालच्या दाढांवर आठ वर्षांपूर्वीचा तीन दातांचा ब्रिज होता, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टोप्या चढवून मधे पक्का बसवलेला कृत्रिम दात. एक्स-रेमध्ये काही दिसलं नव्हतं, कारण धातूच्या टोपीआडची कीड एक्स-रेत लपते. मी बोटानं ब्रिज दाबला. पुढच्या टोपीच्या कडेतून बारीक बुडबुडे आले. सोडला, परत दाबला, परत बुडबुडे. एका बाजूचं सिमेंट विरघळून गेलं होतं आणि दुसऱ्या दाढेनं ब्रिज धरून ठेवला होता. म्हणून तो हलत नव्हता, दुखतही नव्हता. फक्त प्रत्येक घासाला लाळ आणि अन्न आत ओढत होता. ब्रिजखालून दोरा घालून रोज साफ करायचं असतं, हे त्यांना बसवताना कुणीही सांगितलेलं नव्हतं. ब्रिज बसला, पैसे मिळाले की काम संपलं असं मानणारे आमच्यात खूप आहेत.

ब्रिज कापून काढला तेव्हा माझी असिस्टंट दोन पावलं मागं सरली. टोपीत ओल्या चिंचेच्या कोळासारखा तपकिरी लगदा होता. काकांनी तो ट्रेमध्ये बराच वेळ पाहिला. म्हणाले, "एवढंसं?"

पुढच्या टोपीखालच्या दाताचं रूट कॅनाल सुरू केलं, औषध भरलं. आठवड्यानं ते आले तेव्हा मी म्हटलं, आता घरात कुणाला तरी विचारा, खरं सांगेल अशा माणसाला.

"चार वर्षं कोण बोललं न्हाई मॅडम. आता काय सांगतील? तुम्हीच बघा."

मी मास्क उतरवला आणि त्यांना श्वास सोडायला सांगितला. लवंगेचा वास आला, माझ्याच तात्पुरत्या सिमेंटचा. दुसरा कसलाच नाही. तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, कानामागं मास्क अडकवला आणि पुढची तारीख घेऊन गेले. नवीन ब्रिजचं माप अजून घ्यायचंय.