सुरतचे आपण अन् इथले ‘बाहेरचे’

धुळे-जळगाव-नंदुरबारकडच्या कितीतरी घरांचा खर्च सुरतच्या पैशावर चालतो, उधना-लिंबायतला गेलात तर आजही अहिराणी कानावर पडते. आपल्या जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील तिकडून चार वेळा खासदार झाले, लोकांनी निवडून दिलं, चांगलंच आहे की. अन् तरी आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज ‘बाहेरच्यांना हाकला’!

२०१८ ला गुजरातेत एका गुन्ह्यात बिहारचा एक मजूर पकडला, तर मारहाणीच्या भीतीने हजारो यूपी-बिहारवाले गाड्या भरभरून पळाले, ज्यांचा काही संबंधच नव्हता ते. उद्या अहिराणी बोलणाऱ्यावर हीच पाळी आली तर काय करणार भो?

२०२४ च्या प्रचारात पंतप्रधानांनीच राजस्थानातल्या बांसवाड्याच्या सभेत मुसलमानांबद्दल बोलताना ‘घुसपैठिए’ शब्द वापरला. वरूनच असं आलं की खाली पानटपरीवर कोण थांबवणार? आसामात २०१९ ला एनआरसीच्या, म्हणजे नागरिकांच्या नोंदवहीच्या, यादीतून १९ लाखांवर लोकं बाहेर राहिली, त्यात हिंदूही बरेच होते, पण हे ग्रुपवर टाकलं की सगळे एकदम गप्प, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं.

कापसाचा भाव, केळीचा पीकविमा यावर मात्र एक फॉरवर्ड येत नाही.