नकाशावरची लाल रेघ

नकाशा दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचा होता. अमेरिकेत मालगाड्या ओढणारी मोठी वाफेची इंजिनं नेमकी कुठे धावायची, एवढं तपासून सही करायचं माझं काम. युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या 'बिग बॉय' इंजिनांसाठी ओमाहापासून थेट लॉस एंजेलिसपर्यंत लाल रेघ ओढलेली, आणि पुरावा म्हणून कॅलिफोर्नियातला फोटो.

फोटो खरा, पण 2019चा. 4014 नंबरचं इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आलं, त्या दौऱ्यातला. आता ते तेलावर चालतं. मूळच्या 25 इंजिनांची नेहमीची धाव कॅलिफोर्नियात कधीच नव्हती.

असा मार्ग तपासताना मी आधी टर्नटेबल, म्हणजे इंजिन उलट फिरवायचा गोल फिरता पूल, शोधतो. इंजिन आणि टेंडर (कोळसा-पाण्याचा जोडडबा) मिळून 132 फूट 9 इंच. एवढं धूड फिरवायला 1941 साली युटातलं ऑग्डेन आणि वायोमिंगमधलं ग्रीन रिव्हर इथे 135 फुटी टर्नटेबलं बसवली. पहिला पट्टा तिथेच सापडतो. मधल्या वासॅच डोंगरात चढ 1.14 टक्के, म्हणजे साधारण 88 फुटांत 1 फूट. बोरघाटातल्या 37 फुटांत 1 पुढे हे किरकोळ वाटेल, पण इथे 3,600 टनांची गाडी बँकर, म्हणजे मदतीचं जादा इंजिन, न लावता वर न्यायची होती. वळणांवर या इंजिनाचं नाक बाहेर झुकतं, म्हणून शेजारशेजारच्या रुळांमधलं अंतरही काही ठिकाणी वाढवावं लागलं.

1940च्या दशकाच्या अखेरीस ही इंजिनं वायोमिंगमधल्या शायेनला आली आणि शेर्मन टेकडी चढू लागली. नकाशात इथे एकच रेघ होती, तीही चुकीची. शायेनहून पश्चिमेला जाणारा जुना मार्ग 1.55 टक्क्यांचा, 1953 साली हॅरिमनवरून लांबचा वळसा घेणारा तिसरा रूळ झाला, त्याचा चढ 0.82. तेव्हापासून पश्चिमेच्या जड मालगाड्या तिकडून जाऊ लागल्या. जुलै 1959मध्ये शेवटची मालगाडी निघेपर्यंत हेच त्यांचं घर.

आणखी एक बेडी कोळशाची. कंपनीच्या खाणी वायोमिंगमध्येच. तो कोळसा हलक्या प्रतीचा, म्हणून भट्टीची जाळी 150 चौरस फुटांची आणि कोळसा टाकायला यांत्रिक स्टोकर. फावड्याने एवढं पोट भरणारा फायरमन जन्माला यायचाय. 1946 साली 4005वर तेल जाळून पाहिलं. बर्नर एकच, तेवढ्या मोठ्या भट्टीत उष्णता सगळीकडे सारखी पोचेना. 1948 साली पुन्हा कोळसा.

नॉर्दर्न पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या इंजिनांची रेघ पटकन उरकली. मॅंडन ते ग्लेन्डाइव्ह, 216 मैल. त्यांची जाळी तर 182 चौरस फूट, कारण रोजबडचा कोळसा आणखी कमी कसाचा.

मग मिनेसोटात खनिजलोह ओढणाऱ्या मिसाबी रेल्वेच्या 2-8-8-4 (हे आकडे चाकांच्या मांडणीचे) इंजिनांसाठी थेट कोलोरॅडोपर्यंत तुटक रेघ दिसली. मी खोडायलाच घेतली होती. पण ही बरोबर होती. हिवाळ्यात सरोवरं गोठली की डुलुथला खनिजाची जहाजं येत नसत, इंजिनं रिकामी. महायुद्धाच्या काळात ती कोलोरॅडोतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे वेस्टर्न रेल्वेला उसनी दिली जात.

लॉस एंजेलिसची रेघ काढली. तुटक रेघ ठेवली आणि तिच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं : फक्त हिवाळा, युद्धकाळ.